समोरच्या बोअर बिल्डिंगचा फोटो कसा काढावा?

कुठल्याही कॉलेजच्या वार्षिक अंकातली फोटोंची पाने उघडा. रायगडावरचे धुके, मुरुडचा जंजिरा, काशीदचा सूर्यास्त, देवकुंडचा धबधबा आणि वीटभट्टीवरचे एखादे लहान मूल. फोटो छानच असतात, तक्रार नाही. पण पेणला किंवा रोह्याला गाडीतून उतरून स्टेशनपासून बाजारपेठेपर्यंत चालत गेलं तर डोळ्यांना जे खरोखर दिसतं, ते या पानांवर कधी येत नाही. चार मजली पिवळट बिल्डिंग. खाली मेडिकल आणि मोबाईल रिपेअरिंगचं दुकान. वर ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, गच्चीवर निळ्या पत्र्याची शेड, दोन काळ्या टाक्या आणि कॉलमच्या डोक्यावर उभ्या राहिलेल्या गंजक्या सळया. याला आर्किटेक्चर कोण म्हणणार? आणि याचा फोटो कोण काढणार?

माझं म्हणणं असं की आपण काढावा. आपणच काढावा, कारण थर्ड इयर संपलं की मे-जूनमध्ये आपल्यापैकी कितीतरी जण ट्रेनिंगला याच गावांत जाऊन बसतात. कोणी धाटाव एमआयडीसीत, कोणी डोलवीला, कोणी पेणमध्ये एखाद्या कंत्राटदाराच्या नाहीतर आर्किटेक्टच्या ऑफिसात. ट्रेनीला काम काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. जुन्या फाईली वाचायच्या, झेरॉक्स काढून आणायच्या, आणि साहेब साइटवर गेले की खिडकीतून बाहेर बघायचं. हा लेख त्या तिसऱ्या कामाविषयी आहे.

सुरुवात जरा लांबून करतो. कॅमेऱ्याने टिपलेला, आजवर टिकून राहिलेला जगातला सर्वांत जुना फोटो कशाचा आहे? राजाचा नाही, देवळाचा नाही, डोंगराचाही नाही. फ्रान्समधल्या सँ-लू-द-व्हारेन या खेड्यात निसेफोर नीएप्स नावाच्या माणसाने १८२६ किंवा १८२७ साली आपल्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीत कॅमेरा ठेवला आणि समोर जे होतं ते घेतलं. एक उतरतं छप्पर, बाजूच्या इमारतीची भिंत, थोडं आकाश. कथिलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर त्याने एका प्रकारच्या डांबराचा थर दिला होता. उजेड पडला तिथे डांबर घट्ट झालं, बाकीचं तेलाने धुऊन काढलं. एक्स्पोजर किमान आठ तासांचं असावं असं मानतात; काही अभ्यासक तर ते काही दिवसांचं होतं म्हणतात. त्यामुळे या फोटोत एक गंमत झाली आहे. सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे गेला तेवढा वेळ कॅमेरा उघडाच होता, म्हणून अंगणाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ऊन पडलेलं दिसतं. प्रत्यक्षात असं कधीच दिसणार नाही. पुढे हा पत्रा विस्मरणात गेला, १९५२ साली हेल्मुट गर्न्सहाइम या इतिहासकाराने तो शोधून काढला आणि आता तो अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात जपून ठेवलेला आहे.

म्हणजे फोटोग्राफीची सुरुवातच खिडकीबाहेरच्या बोअर बिल्डिंगपासून झाली! नीएप्सला खिडकी का लागली? त्याला तासन् तास कॅमेरा हलवायचा नव्हता. नेमकी हीच गोष्ट आपल्या कामाची आहे. सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला आपण थिओडोलाइट एका स्टेशनवर लावतो, सेंटरिंग करतो, लेव्हल करतो, आणि मगच त्याच्या रीडिंगला अर्थ येतो. ट्रायपॉड सरकला की सगळं गेलं. ऑफिसची खिडकी म्हणजे असं एक तयार स्टेशन. ती सरकत नाही. फिरायला गेलेला फोटोग्राफर चांगला कोन शोधत हिंडतो. आपल्याला कोन बदलता येत नाही, म्हणून आपल्या फोटोंत बदलतं ते फक्त समोरचं. उजेड, पाऊस, माणसं आणि ती बिल्डिंग स्वतः.

आधी यंत्राचं

खिडकीचा दुसरा फायदा उंचीचा. रस्त्यावर उभं राहून चार मजली बिल्डिंग घ्यायची तर कॅमेरा वर करावा लागतो. कॅमेरा वर केला की सेन्सर तिरका होतो आणि बिल्डिंगच्या उभ्या कडा वर जाता जाता एकमेकींकडे झुकतात. बिल्डिंग मागे पडतेय असं वाटतं. पण आपण दुसऱ्या मजल्यावर असलो तर आपली नजर जमिनीपासून साधारण सात-आठ मीटरवर असते, म्हणजे समोरच्या बिल्डिंगच्या बरोबर मध्यावर. कॅमेरा अगदी आडवा, ओळंब्यात धरला तरी खालचं दुकान आणि वरची गच्ची दोन्ही येतात, आणि उभ्या कडा उभ्याच राहतात. व्यावसायिक आर्किटेक्चर फोटोग्राफर याच कामासाठी महागडी शिफ्ट लेन्स घेतात. आपल्याला ती सोय ऑफिसच्या जिन्याने फुकट दिलेली आहे. मोबाईलमध्ये ग्रिड चालू करा आणि फ्रेममधल्या एका कॉलमची कड त्या उभ्या रेषेशी जुळवा, झालं.

आता अंतर. पेणच्या बाजारपेठेत समोरची बिल्डिंग फार लांब नसते. २० मीटर धरू. बहुतेक मोबाईलचा मुख्य कॅमेरा जुन्या ३५ मिमी फिल्मच्या हिशोबाने २६ मिमीच्या आसपास असतो. फिल्मच्या फ्रेमची रुंदी ३६ मिमी. समरूप त्रिकोण लावा: ३६ भागिले २६ गुणिले २०, म्हणजे सुमारे २८ मीटर रुंदीचा देखावा फ्रेममध्ये मावतो. फोटो ४००० पिक्सेल रुंद असेल तर एका पिक्सेलला भिंतीचे जवळजवळ ७ मिमी आले. याचा अर्थ, एक मिलिमीटर रुंदीची भेग या फोटोत मोजता येणार नाही. कोणाकडे डीएसएलआर आणि २०० मिमी लेन्स असेल तर तेवढ्याच अंतरावरून ३.६ मीटर रुंदीचा तुकडा येतो, आणि ६००० पिक्सेलमध्ये एका पिक्सेलला ०.६ मिमी. मोबाईलमध्ये बोटांनी झूम करून ही गोष्ट मिळत नाही. तिथे बऱ्याचदा आहेत तेच पिक्सेल ताणले जातात. मोबाईलने अख्खी बिल्डिंग घ्या, टेलिफोटोने तिचा तुकडा. दोन्हीकडून एकच काम करून घ्यायला जाऊ नका.

इथे एक गैरसमज हॉस्टेलवर फार चालतो, तो खोडून टाकतो. टेलिफोटो लेन्स 'इमारती एकमेकींना चिकटवते' असं म्हणतात. लेन्स काही करत नाही. पर्स्पेक्टिव्ह हे फक्त अंतरावर ठरतं. लांबच्या दोन बिल्डिंगी आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असतात म्हणून सारख्या मोठ्या दिसतात. लेन्स फक्त तेवढा भाग कापून मोठा करते. मोबाईलच्या फोटोतून तेवढाच भाग कापून बघा, ठेवण तंतोतंत तीच निघेल.

काचेचं मात्र जपायला हवं. शक्य असेल तर सरकती खिडकी सरकवा आणि उघड्या भागातून फोटो घ्या. एसीमुळे साहेब खिडकी उघडू देत नसतील तर लेन्स काचेला अगदी टेकवा, भोवती काळं फडकं धरा, आणि आपल्यामागची ट्यूबलाईट बंद करा. काचेत दिसतं ते आपल्याच ऑफिसचं प्रतिबिंब असतं. पोलरायझर लावला की प्रतिबिंब जातं असं सांगतात, पण फर्स्ट इयरचं फिजिक्स आठवा. काचेसाठी ब्रूस्टरचा कोन सुमारे ५६ अंश. म्हणजे काचेकडे तिरकं बघत असलो तरच पोलरायझरचा उपयोग. काचेच्या बरोबर समोर उभं राहिलं तर त्याचा काही फायदा नाही. आणि तिरकं उभं राहून काचेतून फोटो घेतला तर स्वस्त काचेत दुहेरी प्रतिमा येते. म्हणून फडकं हेच खरं. डासांची जाळी असेल तर लेन्स जाळीला टेकवून ॲपर्चर मोठं ठेवा, जाळी विरघळून जाते. मोबाईलची लेन्स मुळात एवढीशी, ती ग्रिलच्या दोन गजांमध्ये आरामात बसते.

उन्हाचं गणित

पेण साधारण १८.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, रोहा १८.४ वर. सूर्याची क्रांती २३.४ अंशांपर्यंत जाते. म्हणजे आपल्या डोक्यावरून सूर्य वर्षातून दोनदा जातो. पहिल्यांदा साधारण १३ ते १५ मेच्या दरम्यान, आणि परत जुलैच्या शेवटी, तेव्हा तो ढगांच्या मागे असतो. मेमधल्या त्या दिवशी दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास खांबाला सावलीच नसते.

फोटोग्राफीच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की दुपारी फोटो काढू नका. निसर्गदृश्यांसाठी ते ठीक आहे. पण त्या मिनिटाला भिंतीवर काय होतं ते बघा. ऊन बरोबर वरून, भिंतीला घासत खाली उतरतं. प्लास्टरमधला एकेक उंचवटा, गिलावा करताना जिथे काम थांबवून दुसऱ्या दिवशी पुढे सुरू केलं ती आडवी रेघ, मागाहून बुजवलेलं भोक, वीट आणि बीम जिथे भेटतात तिथली पुसटशी फट, हे सगळं सावल्यांनी उठून दिसतं. हीच भिंत सकाळी दहाला सपाट पिवळी असते. जी भिंत बोअर म्हणून आपण सोडून दिली, तिच्यावर कामगारांचे हात कसे फिरले ते दुपारी साडेबाराला वाचता येतं. डबा खायच्या आधी दोन मिनिटं खिडकीत जा.

आता आणखी एक गोष्ट, जी मला शिकताना फार आवडली. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. २१ जूनला तो उत्तरेकडे ८५ अंशांवर असतो. शिवाय उगवतो तो पूर्वेच्या उत्तरेला सुमारे २५ अंशांवर आणि मावळतोही तसाच पश्चिमेच्या उत्तरेला. त्यामुळे वर्षभर सावलीत बसलेल्या उत्तरेकडच्या भिंतीला ट्रेनिंगच्या दिवसांतच सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन मिळतं, आणि दक्षिणेकडची भिंत सावलीत जाते. डिसेंबरात नेमकं उलट. २१ डिसेंबरला दुपारी सूर्य दक्षिणेला ४८ अंशांवर, आणि ६० सेंटिमीटर छज्ज्याची सावली भिंतीवर ६० गुणिले ४८ अंशांचा टॅन, म्हणजे सुमारे ६७ सेंटिमीटर खाली येते. उलटं गणित करून फोटोतल्या सावलीवरून छज्जा किती पुढे आहे तेही काढता येतं. समोरच्याच्या घरात टेप घेऊन जायची गरज नाही.

एक्स्पोजरचं थोडक्यात सांगतो. भर उन्हात एफ/१६, आयएसओ १००, शटर १/१००. दाट ढगांत एफ/५.६, म्हणजे आठपट कमी उजेड. कॅमेऱ्याचा मीटर जे दिसेल ते मधल्या करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो, म्हणून चुन्यासारखी पांढरी भिंत फोटोत मळकी होते. तिच्यासाठी एक स्टॉप वाढवा.

भिंत वाचणे

आता मुद्द्याचं. कोकणात या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो पडतो चार महिन्यांत, नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरका. जुन्या घराने याला उत्तर दिलेलं होतं. कौलांचा मोठा उतार, बाहेर काढलेली पडवी, आणि पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील अशी व्यवस्था. दरवर्षी मेमध्ये शाकारणी. नंतर आरसीसी आलं आणि सपाट स्लॅब आला. सपाट स्लॅबवर पाणी थांबलं, स्लॅब गळू लागला, डांबर झालं, रासायनिक लेप झाले, आणि शेवटी मालकाने काय केलं? स्लॅबवर लोखंडी अँगल उभे करून पत्र्याची उतरती शेड घातली. आपल्याला कुरूप वाटणारी ती निळी शेड म्हणजे जुनं कौलारू छप्परच, स्लॅबवर चढून बसलेलं. खिडकीतून अशा दहा शेडचा फोटो काढा. कोणाचा उतार कुठे, पन्हळ कुठे, पाणी कोणाच्या भिंतीवर सोडलंय (यावरून भांडणंही होतात), हे सगळं त्यात येतं. आर्किटेक्चरच्या पुस्तकात हे सापडणार नाही.

ओघळही असेच वाचायचे. खिडकीच्या छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तुटावं म्हणून एक खाच ठेवतात. ती ठेवली नसेल तर पाणी छज्ज्याच्या पोटाखालून आत वळतं आणि भिंतीवरून उतरतं. तिथे काळा-हिरवा शेवाळी पट्टा येतो. समोरच्या बिल्डिंगला अशा पट्ट्यांची रांगच असेल तर समजा खाच नाही. पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर ती बुरशी नसून विटा-सिमेंटमधले क्षार असण्याची शक्यता जास्त. प्लास्टरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा असतील तर बहुधा प्लास्टर आकसलं आहे, घाबरण्याचं कारण नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग मात्र लक्षात ठेवावी. आणि कॉलमच्या कडेने, सळईच्या रेषेत सरळ उभी जाणारी भेग, तिच्यातून झिरपलेला तपकिरी डाग, ही सगळ्यांत महत्त्वाची. आत सळई गंजते आहे. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा घेतो, तो काँक्रीटला आतून फोडतो आणि मग कव्हर गळून पडतं. आयएस ४५६:२००० मध्ये जोरदार पावसात उघड्या असणाऱ्या आणि आलटून पालटून ओल्या-सुक्या होणाऱ्या पृष्ठभागांना 'सीव्हिअर' वर्ग दिलेला आहे: किमान एम ३० काँक्रीट आणि ४५ मिमी नॉमिनल कव्हर. आपण हे परीक्षेसाठी पाठ करतो. समोरच्या गॅलरीच्या पडद्यात उघडी पडलेली सळई बघून स्वतःलाच विचारा, इथे किती कव्हर दिलं असेल?

आता वर आलेल्या सळया. पुढेमागे एक मजला चढवू म्हणून मालक त्या ठेवतो. काही जण त्यांच्यावर प्लास्टिकच्या बाटल्या उलट्या घालतात. मला या सळयांचा फोटो सूर्यास्ताइतकाच बोलका वाटतो. त्या घरातल्या धाकट्या मुलाचं लग्न, मुंबईहून परत येण्याचा विचार, बँकेचं कर्ज, सगळं त्या चार सळयांत उभं असतं आणि दर पावसाळ्यात थोडं गंजतं.

हे सगळं हौसेपुरतं नाही. आपल्याच जिल्ह्यात, महाडला, २४ ऑगस्ट २०२० रोजी तारिक गार्डन ही पाच मजली निवासी इमारत कोसळली आणि १६ जण मेले. जुना वाडा नव्हता तो. अशीच, आपण रोज बघून न बघितल्यासारखी करतो तशी अलीकडची बिल्डिंग होती. खिडकीतून काढलेल्या फोटोने बिल्डिंग वाचते असं मी म्हणत नाही. फोटोवरून स्ट्रक्चरल ऑडिट होत नाही, त्यासाठी हातोडा, रिबाउंड हॅमर, कोअर टेस्ट आणि अनुभवी माणूस लागतो. पण असा माणूस येतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न असतो, 'ही भेग कधीपासून आहे?' आणि राहणारे सांगतात, 'आधीपासूनच आहे हो.' आधीपासून म्हणजे दोन महिने की दहा वर्षं, हे कोणालाच सांगता येत नाही, कारण त्या भिंतीचा फोटो काढावा असं कोणाला कधी वाटलंच नाही. तारीख असलेले तीन-चार साधे फोटो असते तर त्या प्रश्नाला उत्तर मिळालं असतं.

मालिका कशी करायची

पहिल्या दिवशी खिडकीच्या चौकटीवर चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा. मोबाईल रोज तिथेच टेकवायचा. समोरच्या दृश्यातले दोन ठळक बिंदू ठरवा, समजा डाव्या टाकीचं झाकण आणि उजव्या दुकानाच्या शटरचा कोपरा, आणि ते रोज फ्रेममध्ये त्याच जागी आणा. वेळ ठरवा. एकच वेळ पुरे, पण तीच. मोबाईलची तारीख-वेळ बरोबर आहे ना ते बघा, कारण ती फोटोच्या फाईलमध्ये आपोआप नोंदली जाते. पण व्हॉट्सॲपवरून फोटो पाठवला की ही नोंद निघून जाते, तेव्हा मूळ फाईल कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा.

मेच्या मध्याला सुरू केलं तर सहा आठवड्यांत काय काय येतं बघा. पहिल्या आठवड्यात गच्चीवर वाळवण असतं. पेणला तर पापडांचं. मग कोणीतरी कौलं चाळतो, कोणी पत्र्याला डांबर लावतो, ताडपत्र्या बांधल्या जातात. पेणला गणपतीच्या कारखान्याची शेड समोर आली तर रांगेने मांडलेल्या पांढऱ्या, अजून रंग न लागलेल्या मूर्ती दिसतील; वर तोच पत्रा, तेच प्लास्टिक. जूनमध्ये पाऊस लागतो आणि पहिल्या तीन दिवसांत भिंतींचा रंग बदलतो. पहिल्या ओल्या फोटोशेजारी मेमधला कोरडा फोटो ठेवा. पाणी कुठून आत शिरतं याचा नकाशा आपोआप तयार होतो, कारण ओल जिथे आधी पोचते आणि पाऊस उघडल्यावर जिथे उशिरापर्यंत राहते, तिथेच गडबड असते. एकट्या फोटोत हे दिसत नाही.

ढग आल्यावर फोटो थांबवू नका. जर्मनीत बर्न्ड आणि हिला बेशर या जोडप्याने १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, कोळशाच्या खाणींचे मनोरे, झोतभट्ट्या यांचे फोटो काढायला सुरुवात केली आणि काही दशकं तेच केलं. ते मुद्दाम ढगाळ दिवस निवडत, म्हणजे सावल्या नकोत. प्रत्येक टाकी त्याच कोनातून, फ्रेमच्या मध्यावर, आणि मग नऊ किंवा पंधरा फोटो शेजारी शेजारी लावायचे. एक टाकी बघितली तर टाकी आहे एवढंच दिसतं. पंधरा बघितल्या की प्रत्येकीचा बांधणारा वेगळा होता हे कळतं. त्यांना ढगांची वाट बघावी लागत असे. रोह्यात जुलै महिना आख्खा तसाच असतो. गच्च्यांवरच्या टाक्या, जिन्याच्या टोप्या, खिडक्यांची ग्रिलं, पत्र्याच्या शेडचे त्रिकोण, यांतलं एक काहीतरी धरा आणि नऊ फोटो जमवा.

ज्यांना प्रोग्रॅमिंगची खाज आहे त्यांच्यासाठी एक प्रयोग. १८३८ साली दागेरने पॅरिसमध्ये खिडकीतून रस्त्याचा फोटो घेतला. रस्ता गजबजलेला असणार, पण एक्स्पोजर काही मिनिटांचं, म्हणून चालणारी माणसं आणि गाड्या उमटल्याच नाहीत. फक्त एक माणूस बूट पॉलिश करून घेत एका जागी थांबला होता, तो राहिला. हेच आज उलट्या बाजूने करता येतं. बाजाराच्या दिवशी खिडकीच्या चौकटीवर मोबाईल टेकवून दहा-दहा सेकंदांनी १५ फोटो घ्या आणि पायथनमध्ये प्रत्येक पिक्सेलची मीडियन किंमत काढा. जी गोष्ट निम्म्याहून कमी फोटोंत त्या जागी होती ती गायब होते. रिक्षा, टेम्पो, माणसं, सगळं जातं आणि रिकामी बाजारपेठ उरते. सरासरी काढू नका, सरासरीत भुतं राहतात. मीडियनमध्येही एखादा राहिला, तर तो टपरीवरचा किंवा पायरीवर बसलेला आपला गाववाला समजावा.

शिस्तीच्या दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. रासायनिक कारखान्यांत मोबाईल आणि कॅमेऱ्याला बऱ्याच ठिकाणी बंदी असते, आणि ती नुसती गुपितं जपण्यासाठी नसून ज्वलनशील वाफांमुळेही असते. तिथे लेखी परवानगीशिवाय काहीही काढू नका. एमआयडीसीत असाल तर ॲडमिन ऑफिसची रस्त्याकडची खिडकी बघा, आणि तिथेही विचारून. दुसरं म्हणजे समोरची बिल्डिंग आपल्यासाठी विषय असली तरी तिथल्या लोकांसाठी ते घर आहे. दोरीवर कपडे असतात, गॅलरीत बायका निवडत-टिपत बसलेल्या असतात. त्या वेळी फोटो नको. आणि लहान गावात खिडकीत कॅमेरा घेऊन उभा असलेला मुलगा चार दिवसांत सगळ्यांना माहीत होतो. म्हणून पहिल्याच आठवड्यात खाली उतरून समोरच्या दुकानदाराला सांगून टाका की कॉलेजचं काम आहे, बिल्डिंगचे फोटो घेतोय. फोटो दाखवाही. 'ह्यात काय घेण्यासारखं आहे?' असं तो नक्की विचारेल. नंतर तोच बोट ठेवून सांगेल की हा मजला अमुक साली चढवला, ही शेड पुरानंतर घातली, इथे पूर्वी कौलारू घर होतं. हे सगळं फोटोच्या तारखेशेजारी वहीत लिहून ठेवा.

शेवटच्या आठवड्यात सगळ्या फोटोंतून बारा निवडा, चार बाय सहाचे प्रिंट काढा आणि मागे पेनाने तारीख, वेळ, मजला आणि खिडकीची दिशा लिहा. एक संच ट्रेनिंग रिपोर्टला जोडा, एक समोरच्या बिल्डिंगच्या सोसायटीला किंवा मालकाला द्या. चौकटीवरची चिकटपट्टी काढू नका. पुढच्या मेमध्ये त्याच टेबलावर आपल्याच कॉलेजचा कोणीतरी ज्युनियर येऊन बसेल, त्याला ती कशासाठी आहे ते आधीच सांगून ठेवा.